कॅमेऱ्याआधी माइक, दुकानाआधी वजनकाटा

नववीला व्यवसाय आणि व्हिडिओ निर्मिती हे विषय सुरू करायचं ठरलं की शाळेत पहिली चर्चा कॅमेरा कोणता घ्यायचा याची होते. कुणी लाखाच्या घरातलं कोटेशन आणतं आणि मग निधी नाही म्हणून सगळंच पुढच्या सत्रावर जातं. माझं स्पष्ट मत आहे की कॅमेरा घेऊच नये. आज विदर्भातल्या बहुतेक गावांत वर्गातल्या चार-पाच घरी तरी बऱ्यापैकी फोन असतो आणि शिकण्यापुरतं चित्र त्यातून उत्तम येतं. नसतात त्या दोनच वस्तू: कॉलरला लावायचा माइक आणि शिक्का मारलेला वजनकाटा. शाळेने पहिला पैसा तिथे घालावा. चित्र थोडं हललं तरी लोक बघतात, पण बोलणं ऐकू आलं नाही तर दहाव्या सेकंदाला पुढे सरकतात. धंद्यात तर वजन चुकलं की भाव चुकतो, आणि भाव चुकला की सगळा माल विकूनही तोटाच होतो.

विषयाच्या चौकटीबद्दल थोडक्यात. समग्र शिक्षा योजनेत नववीपासून व्यावसायिक विषय घेता येतात, त्यात रिटेल आणि मीडिया-मनोरंजन ही क्षेत्रं आहेत. त्यांचा अभ्यासक्रम भोपाळची पंडित सुंदरलाल शर्मा केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्था तयार करते. अकरावीला वाणिज्य शाखेत पुस्तपालन आहे, वाणिज्य संघटन आहे, चिटणीसाची कार्यपद्धती आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने व्यावसायिक शिक्षण मुख्य शिक्षणापासून वेगळं ठेवू नका असं सांगितलं. विदर्भाला हे नवं वाटू नये. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तिथूनच हाताच्या उद्योगाभोवती शिकवण्याची नई तालीमची मांडणी पुढे आली. त्या पद्धतीत पोर किती सूत काततं, किती कापूस वाया जातो, याचा हिशेब म्हणजेच गणिताचा तास होता. आजच्या ऐच्छिक विषयात तो हिशेबच बहुधा गळतो. पुस्तकातला नफा-तोटा पाठ होतो आणि व्हिडिओच्या तासाला पोरं एकमेकांचे रील काढतात.

म्हणून माझा आग्रह असा की दोन्ही विषय एकाच वस्तूवर बांधावेत. पाच पोरांचा एक गट, एक वस्तू, तिचा पूर्ण हिशेब, आठवडी बाजारात एक दिवस विक्री आणि त्याच वस्तूवर तीन मिनिटांची फिल्म. चाळीसच्या वर्गात आठ गट होतात. दोन माइक, दोन ट्रायपॉड, एक काटा आणि एक पाऊच सीलर (पाकिटाचं तोंड तापवून बंद करणारं यंत्र) एवढ्यात आठही गट पाळीपाळीने भागतात.

वस्तू निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. कच्चा माल गावात मिळतो का, वस्तू महिनाभर टिकते का, आणि ती बनवणारं एखादं जाणतं माणूस गावात आहे का. मोर्शी-वरुडकडे संत्रा डोळ्यांसमोर असतो, पण ताजं फळ किंवा रस शाळेच्या वेळापत्रकाला झेपत नाही, एका सुट्टीत माल जातो. वाशिम-अकोल्याकडे तूरडाळ चांगली, दालमिल जवळ असते. गडचिरोली-गोंदियाकडे मोहफुलं, चारोळी सुचतात, पण तिथे गोळा करण्याचे हक्क आणि ग्रामसभेचा विषय येतो, तेव्हा आधी तिथे विचारावं. सगळीकडे चालण्यासारखी आणि शिकायला भरपूर असलेली वस्तू म्हणजे जवसाची चटणी. पुढचं गणित तीच धरून करतो.

सहा किलो घातलं, मग एकसष्ट पाकिटं का होत नाहीत

भाव गावागणिक वेगळे असतात, म्हणून इथले आकडे उदाहरणाचे समजा, पद्धत मात्र हीच ठेवा. ५ किलो जवस १२० रुपये किलोने ६०० रुपये. अर्धा किलो लाल मिरची १२० रुपये. ४०० ग्रॅम लसूण ८० रुपये. पाव किलो मीठ ५ रुपये. झाले ८०५ रुपये आणि एकूण माल ६ किलो १५० ग्रॅम. पोरं लगेच म्हणतात, १०० ग्रॅमची ६१ पाकिटं. पाऊच आणि लेबलचे ४ रुपये धरून एका पाकिटाला १७ रुपये २० पैसे पडतात. मग २५ रुपयांना विकू, पावणेआठ रुपये सुटतील. फळ्यावर हे अगदी बरोबर दिसतं.

आता काट्यावर पाहा. ५ किलो जवसातून काडीकचरा निघाला पाव किलोच्या आसपास. भाजताना ओल उडाली, आणखी २०० ग्रॅम गेले. हातात राहिलं ४ किलो ५५० ग्रॅम. मिरचीची देठं काढल्यावर ४५० ग्रॅम. लसणाचं सालपट गेलं आणि तो कुरकुरीत होईस्तोवर भाजला की ४०० ग्रॅमचे दीडशेच उरतात. मीठ तेवढं पाव किलोचं पाव किलो. बेरीज ५ किलो ४०० ग्रॅम. त्यातले १०० ग्रॅम मिक्सरच्या भांड्याला आणि परातीला चिकटून गेले. पाकिटं झाली ५३.

आणि खर्चात जे विसरलं ते वेगळंच. गॅसचे ४० रुपये. बाजाराला जायचं एसटी-ऑटोचं भाडं ६० रुपये. चार जणांचे प्रत्येकी दोन तास, म्हणजे आठ तास, तासाला ४० रुपये धरले तर ३२० रुपये मजुरी. ही मजुरी धरायचीच, ती पोरांना द्यायची नसली तरी. घरच्या माणसाचे कष्ट हिशेबात न धरणं ही आपल्याकडची सगळ्यात जुनी चूक आहे. वावरात आई-बाप दोघं राबतात आणि पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाचा, खर्च लिहिताना बियाणं, खत, फवारणी एवढंच लिहितात. ती सवय इथे मोडता येते, म्हणून या ३२० रुपयांवर वाद झाला तर एक तास खुशाल जाऊ द्यावा.

पुन्हा मांडू. माल ८०५, गॅस ४०, ५३ पाकिटांचे पाऊच-लेबल २१२, मिळून १०५७. मजुरी आणि भाडं ३८०. एकूण १४३७ रुपये, भागिले ५३, एका पाकिटाला २७ रुपये ११ पैसे. २५ रुपयांना सगळी पाकिटं विकली तर हातात १३२५ येतात आणि ११२ रुपयांचा तोटा होतो. बाजारात गर्दी झाली, माल संपला, पोरं खूश होऊन परत आली आणि तरीही तोटा. हे एकदा स्वतःच्या वहीत दिसलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

३५ रुपये भाव ठेवला तर? माल, गॅस आणि पाऊच-लेबल मिळून खर्च पाकिटामागे सुमारे १९ रुपये ९४ पैसे. उरले १५ रुपये ६ पैसे. मजुरी-भाड्याचे ३८० त्यातून भरायचे, म्हणजे २६वं पाकीट विकल्यावर खर्च निघतो. तेच २५ रुपयांच्या भावाला पाकिटामागे ५ रुपये ६ पैसे उरतात आणि ७६ पाकिटं विकावी लागतात. बनवलीच ५३. ना-नफा-ना-तोटा बिंदू हा पाठ यापेक्षा स्वच्छ शिकवता येत नाही.

टक्केवारीचा एक फसवा भाग इथेच शिकवून टाकावा. ३५च्या भावात पाकिटामागे ७ रुपये ८९ पैसे नफा. हा खर्चावर काढला तर २९ टक्के, विक्रीवर काढला तर साडेबावीस टक्के. किराणा दुकानदार वीस टक्के कमिशन मागतो ते छापील किमतीवर. ३५चे ७ रुपये त्याला दिले, उरले २८, आपला खर्च २७.११. राहिले ८९ पैसे. पोरं मात्र समजतात की २९मधून २० गेले, ९ टक्के आपले. दुकानात माल ठेवायचा असेल तर भाव आधीच ४० धरावा किंवा दुकान सोडून द्यावं.

पाकीट, लेबल, गल्ला

जवसाच्या तेलाला हवा लागली की ते लवकर खवट होतं. अख्खा जवस टिकतो, दळला की दाण्यातलं तेल उघडं पडतं आणि उन्हात, पारदर्शक पाकिटात आणखी भराभर बिघडतं. म्हणून विक्रीच्या दोन-तीन दिवस आधीच दळावं, महिनाभर आधी नाही. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावा, धूर निघाला तर चटणी कडू होते. गरम चटणी पाकिटात भरू नये, आत वाफ धरते, गोळे होतात आणि बुरशी येते. परातीत पसरून पूर्ण थंड झाल्यावरच भरावी. लसूण ओला राहिला तरी हेच होतं. मिरचीची धग आणि मिक्सर हे काम मोठ्या माणसाच्या हातात, पोरांनी निवडणं, वजन, भरणं आणि नोंदी सांभाळाव्यात.

सीलरची कुरबूर जवळपास प्रत्येक गटात होते. सील सुटतं, पोरं आच वाढवतात, पाऊच जळतो. खरं कारण बहुधा वेगळं असतं: तोंडाशी चटणीची भुकटी चिकटलेली असते. नरसाळ्यातून भरावं, तोंड आतून कोरड्या कापडाने पुसावं, मग दाबावं. दिवा विझल्यावरही दोन-तीन सेकंद दाबून धरलं तर जोड पक्का बसतो.

वजनात पाऊचचं वजन वजा करायला विसरू नये. लेबलसकट पाऊच तीन-चार ग्रॅम भरतो. काटा शून्यावर न आणता १०० ग्रॅम भरले तर आत ९६-९७ ग्रॅमच चटणी गेली आणि पाकिटावर १०० लिहिलंय. वैधमापनाच्या, म्हणजे वजन-मापांच्या, नियमांत हे बसत नाही, आणि गावातली म्हातारी पाकीट हातात घेऊनच ओळखते. उलट भीतीपोटी तीन-तीन ग्रॅम जास्त घातले तर ५३ पाकिटांत दीड पाकीट फुकट गेलं. काटा १ ग्रॅमची नोंद दाखवणारा हवा, त्याला वैधमापन खात्याची मुद्रा हवी आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची ती दरवर्षी नव्याने करून घ्यावी लागते. स्वयंपाकघरातला छोटा काटा शिकायला चालतो, विक्रीला नाही. पंख्याखाली किंवा डुगडुगत्या बाकावर ठेवलेला चांगला काटाही चुकीचं दाखवतो.

खायची वस्तू विकायची तर अन्नसुरक्षा नोंदणी लागते, धंदा कितीही लहान असो. शाळेने स्वतः त्यात पडण्यापेक्षा नोंदणी असलेला महिला बचत गट सोबत घ्यावा. उत्पादन त्यांच्या जागेत, त्यांच्या देखरेखीत आणि त्यांच्याच नावाने. लेबलवर वस्तूचं नाव, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, कर धरून कमाल किंमत, बनवल्याची तारीख, किती दिवसांत खावी ते, गटाचं नाव-पत्ता, चौदा अंकी नोंदणी क्रमांक आणि हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका. पोरं चित्र मोठं करतात आणि तारखेला जागाच ठेवत नाहीत. लेबल छापायच्या आधी कोऱ्या कागदावर खऱ्या मापात हाताने काढून, पाऊचवर चिकटवून पाहावं.

उधारीचा व्यवहार पोरांच्या नावाने करू नये. १८७२च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे अज्ञान व्यक्तीला करार करता येत नाही, तेव्हा पाऊचची ऑर्डर असो की बाजारातली जागा, सही शिक्षकांची किंवा गटाची. क्यूआर कोडही गटाच्याच खात्याचा.

गल्ल्याची शिस्त साधी आहे, पण रोज पाळावी लागते. सकाळी ३०० रुपये सुटे घेऊन बसायचं, पाच-दहाच्या नोटा-नाणी. रोकड वहीत तीन रकाने: रोख विक्री, यूपीआय विक्री, खर्च. संध्याकाळी सुरुवातीचे सुटे अधिक रोख विक्री वजा खर्च बरोबर गल्ल्यातली रक्कम आली पाहिजे. यूपीआयची रक्कम रोखीत मिसळली की ताळा कधीच बसत नाही, आणि पोरं चहाचे वीस रुपये वहीत न लिहिता काढतात तेव्हाही नाही. पैसे पाठवल्याचं ग्राहकाच्या फोनवरचं चित्र पुरावा धरू नये, खात्यावर जमा झाल्याचा संदेश बघूनच पाकीट द्यावं. बाजारात रेंज जाते, म्हणून बँकेच्या साध्या एसएमएसवाला फोन गटातल्या ताईंकडेच ठेवावा.

बाजाराचा दिवस कधी? सोयाबीन ऑक्टोबरात निघतं, कापूस दिवाळीच्या सुमाराला घरात यायला लागतो. नोव्हेंबर ते जानेवारी गावात हातात पैसा असतो. ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या आधी, लोक खतं-फवारणीने टेकीला आलेले असतात, तेव्हा ३५ रुपयांची चटणी कुणी घेत नाही. त्यात पोरांचा दोष नसतो, मग धडाही काही मिळत नाही.

आता फिल्म

तीन मिनिटांची फिल्म कागदावर सुरू होते. वहीच्या पानाला मध्ये रेघ मारा, डावीकडे काय दिसेल, उजवीकडे काय ऐकू येईल. मराठी निवेदन सावकाश वाचलं तर मिनिटाला साधारण १०० ते ११० शब्द जातात. तीन मिनिटं म्हणजे तीनशे शब्द, आणि मध्ये माणसांचं बोलणं, भाजण्याचा आवाज, थोडी शांतता यायची असेल तर निवेदन दीडशे शब्दांत संपायला हवं. पोरं पहिल्या खेपेला सहाशे शब्द लिहून आणतात आणि त्यात "भारत हा कृषिप्रधान देश आहे" हे वाक्य असतंच. ते खोडायचं आणि पहिल्या दृश्यात जवस तडतडताना ऐकवायचा.

आवाजावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन. तारेचा कॉलर माइक पाचशे-सातशेत मिळतो. घेताना पिन बघा. फोनला चालणाऱ्या पिनवर तीन काळ्या वळ्या असतात, कॅमेऱ्याच्या पिनवर दोन. दोन वळ्यांची पिन फोनमध्ये घातली तर बहुतेक फोन माइक ओळखतच नाही, स्वतःच्या आतल्या माइकने आवाज घेतो आणि कुणाला कळतही नाही. काही माइकवर फोन-कॅमेरा असं बटण आणि आत बटणाएवढा सेल असतो, तो उतरलाय का तेही पाहावं. नव्या फोनला गोल भोकच नसतं, तिथे टाइप-सी जोडणी लागते आणि स्वस्त जोडणी कधी कधी चालतच नाही, म्हणून दुकानातच लावून बघावी. फोनच्या मूळ कॅमेरा ॲपने बाहेरचा माइक घेतला नाही तर ओपन कॅमेरा हे मोफत ॲप टाकून त्याच्या सेटिंगमध्ये आवाजाचा स्रोत बाहेरचा माइक असा निवडावा. खात्रीचा उपाय एकच: रेकॉर्डिंग सुरू करून माइकवर नखाने हळूच खाजवायचं आणि इअरफोनने ऐकायचं. खरखर मोठी आली तर माइक चालू आहे.

माइक हनुवटीखाली एक वीत अंतरावर. पदर, ओढणी, गळ्यातली पोत घासली की खरखर येते, म्हणून पदर आधी खांद्यावर पिनने टाचून मगच माइक लावावा. आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी असेल तर बोलण्याचे उंच टोक उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये राहू द्या. शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये शिवता येत नाही.

आपल्याकडचे शत्रू ठरलेले आहेत: कूलर, पंखा, पिठाची गिरणी, ट्रॅक्टर, आणि टिनाचं छप्पर. टिनाखाली आवाज घुमतो. बोलणाऱ्याच्या समोर आणि बाजूला वाकळ किंवा जाड चादर दोरीवर टाका, घुमणं निम्म्याने कमी होतं. कूलर बंद करायला लाजू नये, पाच मिनिटांचं काम असतं. प्रत्येक ठिकाणी काहीही न बोलता ३० सेकंदांचा नुसता तिथला आवाज घ्यावा, संकलनात दोन वाक्यांमधली भगदाडं त्यानेच बुजतात. फोन विमान मोडवर ठेवावा, नाहीतर मुलाखतीच्या ऐन मध्यात फोन वाजतो. माइक नसेलच तर दुसरा फोन बोलणाऱ्याच्या खिशात ठेवून ध्वनिमुद्रण करावं आणि सुरुवातीला दोन्ही फोनसमोर एक जोरदार टाळी वाजवावी. संकलनात त्या टाळीचं टोक जुळवलं की चित्र आणि आवाज एकत्र येतात.

उजेडाचं थोडक्यात. हिवाळ्यात सकाळी साडेसात ते साडेनऊ आणि दुपारी चारनंतर. भर दुपारी डोळ्यांखाली काळ्या खाचा पडतात, तेव्हा ओसरीच्या सावलीत या, तोंड उजेडाकडे, पाठ भिंतीकडे. सावलीच्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट धरली तर चेहरा उजळतो. पांढऱ्या कापसाच्या ढिगासमोर फोन गोंधळतो, कधी कापूस पेटल्यासारखा पांढराफटक तर कधी माणूस काळा. चेहऱ्यावर बोट दाबून ठेवा, प्रकाश आणि फोकस तिथे बांधला जातो, मग बोट किंचित खाली सरकवून कापसातलं रेशे-रेशे दिसेपर्यंत उजेड कमी करा. एप्रिलमध्ये, पारा पंचेचाळिशीकडे जातो तेव्हा, फोन उन्हात तापून रेकॉर्डिंग आपोआप थांबवतो. कव्हर काढा, सावलीत ठेवा, पण फ्रिजमध्ये घालू नका, आत दव धरतं.

घरात ट्यूबलाइटखाली चित्रात काळे पट्टे सरकताना दिसले तर त्याचं कारण वीज आहे. आपला पुरवठा ५० हर्ट्झचा, त्यामुळे दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झवर ठेवा, किंवा प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० करा. जमत असेल तर सेकंदाला २५ चित्रं ठेवा. फोर-के नको, फुल एचडी पुरे, तिथेही एक मिनिटाला शंभर-सव्वाशे एमबी जातात.

प्रत्येक दृश्य दहा सेकंद स्थिर. मनात दहा मोजायचे. हलायचं नाही, झूम करायचं नाही, जवळून हवं असेल तर पायाने जवळ जायचं. एका कृतीचे पाच तुकडे घ्यावेत: नुसते हात, नुसता चेहरा, हात आणि चेहरा एकत्र, खांद्यामागून, आणि लांबून सगळं. चटणी कुटणाऱ्या बाईंचे हे पाच तुकडे असले की कुठलाही कट जमतो. पोरं वीस मिनिटं एकाच जागेवरून सलग घेतात, आणि मग संकलनात कापायला जागाच सापडत नाही. तीन मिनिटांच्या फिल्मसाठी पंचवीस-तीस मिनिटांचं चित्रण पुरे, त्याहून जास्त असेल तर कागदावरचं काम झालेलं नाही.

मुलाखतीत "तुम्हाला हे काम आवडते का?" असं विचारलं तर "हो" एवढंच मिळतं. "काकू, जवस भाजला गेला हे तुम्ही कशावरून ओळखता?" असं विचारा. विचारणाऱ्याचा आवाज फिल्ममध्ये राहणार नाही, म्हणून उत्तरात प्रश्न यावा असं आधी सांगून ठेवा: "जवस भाजला का हे ओळखायचं तर..." अशी सुरुवात. आणि कृपा करून काकूंची भाषा सुधारू नका. अमरावती-अकोल्याकडची वऱ्हाडी, भंडारा-चंद्रपूरकडची झाडीबोली, मेळघाटातली कोरकू, गडचिरोलीतली गोंडी-माडिया, जे असेल ते तसंच येऊ द्या आणि खाली मराठी ओळ द्या. कॅमेरा समोर आला की माणसं "करून राहिलो" सोडून पुस्तकी बोलायला लागतात आणि चेहराच बदलतो. दहा मिनिटं फोन बाजूला ठेवून गप्पा मारल्या की भाषा परत येते.

संकलनाला शाळेच्या संगणक कक्षातली ४ जीबी रॅमची यंत्रं असतील तर दाविंची रिझॉल्व्हच्या वाटेला जाऊ नका, ते उघडायलाच दम लागतो. शॉटकट मोफत आहे, त्यात प्रॉक्सी (चित्रणाची हलकी प्रत) सुरू करून काम चालतं. फोनच्या चित्रणात एक छुपी अडचण असते: उजेड कमी झाला की फोन सेकंदाची चित्रं आपोआप कमी-जास्त करतो, आणि लांब मुलाखतीत शेवटी ओठ आणि आवाज वेगळे पडतात. शॉटकट अशी फाइल ओळखून रूपांतर करायचं का असं विचारतो, तेव्हा हो म्हणा. नाहीतर हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्रसंख्या कायम ठेवून फाइल नव्याने बनवा. चित्रण व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवू नका, ते दाबून टाकतं. केबलने घ्या, किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल त्यात बसत नाही, जागा रिकामी असूनही नाही म्हणतो. तो आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा. वीज कधी जाईल सांगता येत नाही, दर दहा मिनिटांनी सेव्ह.

खालच्या ओळी लिहिताना कृतीदेव, श्रीलिपी असले जुने फाँट टाळा, दुसऱ्या यंत्रावर सगळं इंग्रजी अक्षरांत दिसतं. मुक्त (Mukta) किंवा नोटो सॅन्स देवनागरी हे फाँट वापरा, आणि आधी "र्‍हस्व, क्लृप्ती, दृष्टी, शक्ती" असे चार शब्द टाइप करून बघा. जोडाक्षरं फुटली तर त्या ॲपला देवनागरी जमत नाही, दुसरं घ्या. एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त नको.

पार्श्वसंगीताला चित्रपटातलं गाणं लावलं की यूट्यूबवर हक्काचा दावा येतो. गावातल्या भजनी मंडळाची नुसती खंजिरी परवानगीने दोन मिनिटं ध्वनिमुद्रित करून घ्या, त्यापेक्षा या मातीला शोभणारं दुसरं काही मिळणार नाही.

चित्रणात आलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाची आणि प्रत्येक मुलाच्या पालकांची लेखी संमती घ्यावी. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराच्या आतली प्रत्येक व्यक्ती मूलच आहे. संमतीपत्रात फिल्म कुठे दाखवणार ते स्पष्ट लिहावं: फक्त शाळेत, ग्रामसभेत, की इंटरनेटवर. बचत गटातल्या बाईंनी शाळेत दाखवायला होकार दिला म्हणजे यूट्यूबलाही दिला असं होत नाही. फिल्म पूर्ण झाल्यावर आधी त्यांनाच दाखवावी, आणि एखादं वाक्य काढा म्हणाल्या तर काढावं.

वेळापत्रकाचं म्हणाल तर पस्तीस-चाळीस मिनिटांच्या एका तासात यातलं काहीच होत नाही, माइक लावेपर्यंत घंटा होते. आठवड्यातून दोन तास जोडून मागून घ्या. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. तेव्हा जुलैभर काटा आणि रोकड वही, घरच्या किराण्याच्या नोंदींवर सराव. ऑगस्टमध्ये दहा सेकंदांची स्थिर दृश्यं आणि माइकची चाचणी. सप्टेंबरात पाव किलोचा नमुना करून घट मोजायची, याच घटीवरून ५ किलोचा अंदाज बांधायचा. सहामाही आणि दिवाळी झाली की नोव्हेंबरात संहिता आणि चित्रण. चित्रण विक्रीच्या दिवशी करू नका, हात चटणीत आणि लक्ष गल्ल्यात असताना दोन्ही बिघडतं. डिसेंबरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या बाजाराला विक्री, त्याच आठवड्यात ताळेबंद, जानेवारीत संकलन. बाजारातून परतलेली पाकिटं घरोघरी वाटून टाकू नका. ती मोजा, बनवल्याची तारीख बघा, शिल्लक साठा म्हणून माल, गॅस आणि पाऊच-लेबलच्या खर्चाला, म्हणजे पाकिटामागे १९ रुपये ९४ पैशांना वहीत चढवा आणि एक पाकीट वर्गातच फोडून वास घ्या.